आकडे घातलेले खांब

वखारीत उभ्या उभ्या चहा घेताना जगदीशला समोरच्या लाकडांवर स्वतःचं अक्षर दिसलं. पहिल्यांदा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसं उलट बरंच वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, हे लाकूड इथे असायलाच नको. रे रोडच्या या वखारीत तो आला होता भलत्याच कामाला. ऑफिसातले शामराव म्हणाले होते, माटुंग्याच्या कामाला दारांसाठी जुना साग मिळतो का बघून ये, आणि जाताना टोपी घाल, एप्रिलचं ऊन आहे. आणि इथे गंजक्या पत्र्याखाली एकावर एक नीट रचून, मध्ये हवा खेळायला पट्ट्या सारून, लालबागच्या रामेश्वर चाळीचे खांब आडवे पडले होते. प्रत्येकाच्या बुंध्याशी पांढऱ्या रंगात मराठी आकडा होता. नवाची शेपटी वर घेऊन तिला दिलेला तो वळसा जगदीशचाच. शाळेत त्या वळशापायी त्याने छड्या खाल्ल्या होत्या. त्याने कप खाली ठेवला आणि खांबाला हात लावला. पत्र्याच्या धगीने तापलेलं लाकूड अंगात ताप असलेल्या माणसासारखं लागलं. हा खालच्या मजल्यावरचा, बकुळाकाकीच्या दाराशेजारचा. वरण उतू गेलं की ती फडकं याच खांबाला पुसायची, म्हणून त्याची एक बाजू काळी तुळतुळीत. वखारवाल्याने त्याला लाकूड चाचपताना पाहिलं आणि तो हसला. "वो माल छोडो साब. विकायचा नाही तो. लोणावळ्याला जायचाय, बंगल्याला. तुमच्याच नानासाहेबांनी ठेवलाय ना, तुम्हाला नाय म्हायती?"

"माहीत आहे," जगदीश म्हणाला. खोटं इतक्या चटकन तोंडात कसं आलं याचंच त्याला नवल वाटलं. बहुधा माणूस फसला की आधी फसलेला दिसू नये म्हणून धडपडतो. रडायचं ते मागाहून.

त्याला जे माहीत होतं ते असं. चाळीचा पाया खचला होता. वरचं लाकूड मात्र ब्रह्मदेशच्या सागाचं, पन्नास वर्षं उलटूनही कीड न लागलेलं. तेव्हा सगळी चाळ सुटी करायची, पाया नवा घालायचा आणि तेच लाकूड पुन्हा जसंच्या तसं उभं करायचं. तोवर लाकूड मालकाच्या गोदामात राहणार, भाडेकऱ्यांनी इकडेतिकडे दिवस काढायचे, आणि चाळ उभी राहिली की आपापल्या खोल्यांत परत यायचं. हे नानांनी सांगितलं होतं. नाना म्हणजे जगदीश ज्यांच्या हाताखाली नकाशे काढायचा ते गिरगावातले आर्किटेक्ट. चाळीला हे सांगितलं जगदीशने, आणि चाळीने ते ऐकलं, कारण सांगणारा जगदीश होता. गिरणीच्या साचेखात्यात मेलेल्या बापाचा मुलगा, याच चाळीत वाढलेला आणि चाळीतून पहिल्यांदा हातात टी-स्क्वेअर धरलेला. तरी काही जणांनी कुरकुर केली होतीच. मालक मालकच असतो, एकदा बाहेर पडलं की आत कोण घेतो, असं दुसऱ्या मजल्यावरचे लोक म्हणायला लागले होते. पण जगदीश खांबांवर आकडे घालू लागला आणि सगळ्यांची तोंडं आपोआप बंद झाली. चाळीच्या गणपतीचं मखर लाकडी, घडीचं. विसर्जनानंतर ते सुटं करायचं, प्रत्येक तुकड्यावर आकडा घालायचा, पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवायचं आणि पुढच्या श्रावणात आकड्याला आकडा लावून पुन्हा उभं करायचं, हा पिढीजात रिवाज. रामेश्वर चाळीत लहान पोरालासुद्धा ठाऊक, की जे मोडायचं असतं त्यावर कोणी आकडा घालत नाही. आकडा घातला म्हणजे परत जोडणार. कोंडीरामबाबा, चाळीतलं सर्वांत जुनं माणूस, खांबावरचा ओला आकडा बघून म्हणाले होते, "आता माका घोर नाय." जगदीशला त्यांना समजावावंसुद्धा लागलं नाही. त्याची स्वतःची समजूत तरी काय वेगळी होती? डिप्लोमा झालेला, नाना ज्याला उजवा हात म्हणत तो हा माणूस, मनातून जिन्याखालच्या मखराएवढाच भोळा होता.

वखारीतून तो बाहेर पडला तो बस सोडून पायीच निघाला. भायखळ्याच्या पुलाखाली भाजीवाल्यांनी टोपल्यांना भगव्या पताका लावल्या होत्या. उद्या महाराष्ट्र होणार होता. गेली चार वर्षं लोक ज्यासाठी रस्त्यावर आले, लाठ्या खाल्ल्या, गोळ्या खाल्ल्या, ते उद्या मिळणार होतं, आणि माणसं वरातीला निघाल्यासारखी उगीचच एकमेकांना हसून दाखवत होती. जगदीशलाही दोघांनी हसून दाखवलं. त्याने हसून परत केलं. गोळीबाराच्या त्याच दिवसांत नाना पहिल्यांदा चाळीत आले होते. रस्त्यावर पोलीस, हवेत डोळे चुरचुरायला लावणारा धूर, आणि हा गोरापान, खादीचा शर्ट फाटलेला माणूस जिन्यात धापा टाकत उभा. त्यांच्यावर वॉरंट होतं. कोणी काही विचारलं नाही. जगदीशच्या आईने, राधाबाईने, त्यांना खोलीतल्या पोटमाळ्यावर चढवलं, वर घोंगडी दिली आणि खालून ताट दिलं. पोलीस येऊन गेले तेव्हा ती चुलीपुढे बसून तांदूळ निवडत होती, आणि हवालदाराला म्हणाली होती, बाबा, घरात बाईमाणूस एकटं आहे, वहाणा काढून ये. तो आलाच नाही. पोटमाळ्यावर पडल्या पडल्या नानांना दुसरं काम नव्हतं. ते छप्पर बघत. वाश्यावर वासा कसा बसवलाय, खिळा न मारता लाकडी खुंटीवर सगळं कसं तोललंय, समोरासमोरच्या दारखिडक्यांतून वारा कसा सुतासारखा सरळ जातो. "जगदीश, वर ये," ते हाक मारत. "हे बघ. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. हे पाडायच्या आधी शिकून घेतलं पाहिजे रे." जगदीश तोवर एका लोखंडवाल्याकडे नुसता ट्रेसिंग करायचा. त्या पोटमाळ्यावर, वाकून बसल्याने मानेला रग लागलेली असताना, आपण राहतो ती चाळ कोणीतरी विचार करून बांधलेली गोष्ट आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. गॅलरीच्या फरशीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार आहे, म्हणून पाणी दारात थांबत नाही. त्या उतारावरून तो लहानपणी गोट्या सोडायचा. पण उतार कोणी तरी मुद्दाम ठेवलाय हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या माणसाने त्याला स्वतःचं घर दाखवलं. म्हणून तर त्याच्यावर एवढा जीव जडला. बाप जिवंत असता तरी जगदीशने त्याचं इतकं ऐकलं नसतं.

पुढे वॉरंट गेलं, नाना चाळीतून गेले आणि जाताना जगदीशला आपल्या ऑफिसात घेऊन गेले. चाळीचं मोजमाप काढायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, आकडे मराठीत घाल, आपल्या चाळीवर इंग्रजी कशाला? जगदीशची छाती फुगली होती. रविवार धरून तो मोजत सुटला. टेपचं दुसरं टोक धरायला बकुळाकाकी यायची. विधवा बाई, गिरणीतल्या एकट्या माणसांची खानावळ चालवायची. तिच्या खोलीत दुपारी आणि रात्री पंगती उठत. भाकऱ्या थापता थापता ती तशीच उठून यायची, आणि टेपचं टोक पिठाने पांढरं व्हायचं. "धर घट्ट गो काकी, ढिला सोडू नको," जगदीश ओरडायचा. "मेल्या, तुझ्या आवशीन तुका धरलान तसा धरलंय," ती म्हणायची. एकदा तिने विचारलं होतं, इतकं मोजून तू करणार काय? तो म्हणाला होता, काकी, उद्या ही चाळ नाहीशी झाली तरी मी डोळे मिटून उभी करीन. तेव्हा ती किती हसली होती. चाळ सोडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत शेवटी तीच हटून बसली. खानावळ एकदा हलली की माणसं दुसरीकडे जेवायला जातात, ती काय मग आपली वाट बघत बसतात? जगदीशने तिची समजूत घातली. तिची ट्रंक त्यानेच खांद्यावर घेतली आणि काळाचौकीला तिच्या भाचीकडे पोचवली. "तू सांगतंस म्हणान जातंय हां," ती दाराशी म्हणाली होती, "मालकाक मी वळखत नाय." आता ती भाचीच्या मोरीशेजारी निजते, आणि भाचीचा नवरा येता-जाता भांडी आपटतो. हे सगळं जगदीशला ठाऊक होतं. थोडे दिवस काढ, असं तो तिला दर खेपेला सांगत आला होता.

गिरगावात ठाकूरद्वारला नानांचं ऑफिस. ते आले असतील का नाही ही त्याला धास्ती होती, आणि खरं सांगायचं तर नसले तर बरं असंही वाटत होतं. पण ते होते. संध्याकाळच्या समारंभाला जायचं म्हणून परीटघडीचं धोतर नेसून खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्यासमोर टेबलावर पुठ्ठ्याचा एक बंगला होता. पुढे लांब गॅलरी आणि तिला ओळीने खांब. जगदीशने तो बंगला पाहिला आणि त्याला काही विचारायची गरज उरली नाही. तरी त्याने विचारलं.

"नाना, वखारीत आमच्या चाळीचे खांब आहेत."

"बघितलेस? बरं झालं," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. हेच जगदीशला सगळ्यांत लागलं. चोरी पकडल्यावर माणसाने निदान दचकावं तरी. "परवा सांगणारच होतो तुला. बैस."

"ते परत चाळीत लागणार होते."

"मी काय म्हणालो होतो, आठव. प्रत्येक लाकूड पुन्हा जोडलं जाईल, जसंच्या तसं. मग जोडणारच आहे की! अरे, मालक सगळं जळणाच्या भावाने काढणार होता. बेकरीच्या भट्टीत गेला असता हा साग. मी मध्ये पडलो, लोणावळ्याच्या बंगल्याच्या शेटजींना गळ घातली, म्हणून वाचला. आता असं लाकूड ब्रह्मदेशातसुद्धा मिळत नाही."

"आणि माणसं?"

"माणसांचं मालक बघेल. काहीतरी देईल त्यांना." नानांनी चष्मा काढून पुसला. "जगदीश, भावनेच्या भरात जाऊ नकोस. माणसं कुठेही राहतात. मीही राहिलो होतो तुमच्या पोटमाळ्यावर. इमारत मात्र एकदा गेली की गेली."

"आईने तुम्हाला तिथे लपवलं होतं," जगदीश म्हणाला.

नानांचे डोळे खरोखरच पाणावले. ते नाटक करत नव्हते, आणि नाटक करत असते तर परवडलं असतं. "राधाबाईंच्या हातची कुळथाची पिठी मी जन्मात विसरणार नाही," ते म्हणाले. "म्हणून तर बघ, या बंगल्यात मी तसाच पोटमाळा ठेवलाय. शेटजी म्हणाले कशाला, पण मी हट्ट धरला." त्यांनी पुठ्ठ्याचं छप्पर झाकणासारखं उचललं आणि आत बोट दाखवलं. मग त्यांनी हात जगदीशच्या खांद्यावर ठेवला. "आणि तो जोडायला तूच लागशील मला. आकडे तुझे. तुझ्याशिवाय ते कोणाला उलगडणार आहेत? पुढच्या महिन्यात लोणावळ्याला जाऊन राहा. स्वतंत्र काम आहे, बाहेर पाटीवर तुझं नाव घालू."

आणि मग जे झालं ते जगदीशने पुढे कोणालाही सांगितलं नाही. त्याला आनंद झाला. पुरता क्षणभरही नसेल, पण झाला. लोणावळ्याच्या थंड हवेत खांबाला खांब उभा राहतोय, खुंटी ठोकताना ती भोकात अचूक जाऊन बसतेय आणि वरून आपण हाताने खूण करतोय, हे सगळं त्याला दिसलं, आणि हातांना ते हवंसं वाटलं. डोळे मिटून उभी करीन, असं तो बोललाच होता. दुसऱ्या क्षणी त्याला स्वतःची शिसारी आली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वाश्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता, तो स्वतःच फिरायला निघाला होता. नानांनी केसाने गळा कापला हे खरं. पण गळा नीट दिसावा म्हणून मान मोजून, त्यावर आकडा घालून कोणी दिली होती? तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. "जातो," म्हणाला, आणि जिना उतरताना कठड्यावरचा स्वतःचा हात त्याला परक्याचा वाटला. वरून नानांनी हाक मारली, "अरे, संध्याकाळी ये समारंभाला! आज घरी बसायचा दिवस आहे का?"

लालबागला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दर वळणावर त्याला वाटत होतं, आज नको, आज सगळे आनंदात आहेत; आणि दर वळणावर त्याला कळत होतं की हे आपण त्यांच्यासाठी म्हणत नाही. करी रोडच्या नाक्यावर कोणीतरी त्याच्या कपाळाला गुलाल लावला. चाळीच्या जागेभोवती तरटं बांधली होती. आत मोकळी जमीन, विटांचा चुरा, आणि एका कोपऱ्यात रामेश्वराची छोटी घुमटी तेवढी शाबूत. त्या घुमटीपुढे सगळी चाळ गोळा झाली होती. काळाचौकीहून, करी रोडहून, नातेवाइकांच्या माळ्यांवरून, कॉटच्या खालून उठून माणसं आली होती. राज्य होतंय तर देवाला नारळ फोडावा, आणि चाळीचंही गाऱ्हाणं घालावं, असं कोंडीरामबाबांच्या मनात आलं होतं. जगदीशला हे कोणी कळवलं नव्हतं, कारण त्याला कळवायचं काय? तो घरचाच. राधाबाई पुढे बसली होती, तिच्या मागे बकुळाकाकी. आईने त्याला बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट केला. चारचौघांत तो आला की ती असंच करायची.

"इलो, इलो! जगदीश इलो," कोणीतरी म्हणालं. त्याला वाट देऊन घुमटीच्या अगदी जवळ उभं केलं. कोंडीरामबाबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज म्हातारा, पण कोकणातल्या देवळातला खडा सूर अजून शाबूत. "बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां हंय तुझ्या पायाशी जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!" आणि सगळ्यांनी एका दमात म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मग बाबा खोलीवार नावं घेऊ लागले, कारण गाऱ्हाण्यात कोणाचं नाव राहिलं तर देवाची नजर त्याच्यावरून निसटते अशी चाळीची समजूत. एकेका घरासाठी होकार उठत होता. "राधाबाय आणि तिचो झील जगदीश, ज्याना ह्या खांबांर आकडे घातले, तेच्या हातान ही चाळ परत उभी रवान दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नको," जगदीश म्हणाला. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं. बाबांनी डोळे उघडले. लांबच्या नाक्यावर ताशे वाजत होते. मग त्याने सांगितलं. कुठे पाहिलं, कोणी नेलं, कुठे जोडणार, सगळं. नानांचं नाव घेतलं तेव्हा राधाबाई खाली बघायला लागली. सांगताना त्याला वाटत होतं, आता ओरडतील, आता कोणीतरी अंगावर येईल, आणि तसं झालं तर फार बरं होईल. कोणी आलं नाही. बकुळाकाकी तेवढी म्हणाली, "म्हणजे हंय आमची चाळ परत उभी रवाची नाय?"

"नाय, काकी."

"पण आकडे घातलेले," ती म्हणाली. तिला ते समजतच नव्हतं. ती आजूबाजूला बघून इतरांना विचारायला लागली, "आकडे घातलेले ना रे?"

कोंडीरामबाबांनी नारळ तसाच धरून शांतपणे विचारलं, "आणि थंय ती जोडतलो कोण?"

जगदीशला खोटं बोलता आलं असतं. सकाळी वखारीत ते किती सहज जमलं होतं. "माका बोलवल्यानी आसा," तो म्हणाला.

"मगे तू काय बोललंस तेका?"

काय बोललो? जाऊन थुंकलो असतो तर सांगता आलं असतं. नाही म्हणालो असतो तरी सांगता आलं असतं. खांद्यावर नानांच्या हाताची ऊब अजून होती, आणि ती नको म्हटली तरी जात नव्हती. "कायच नाय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

बाबांनी मान हलवली. रागावून नव्हे, एखाद्या पोराने शाळेचा निकाल सांगावा आणि तो ऐकून घ्यावा तशी. मोडलेलं गाऱ्हाणं अर्धं ठेवता येत नाही, ते पहिल्यापासून घ्यावं लागतं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि सुरुवात केली. त्याच सुरात, त्याच क्रमाने, एकेक खोली, एकेक घर. गावाला गेलेल्यांची नावं घेतली, आजाऱ्यांची घेतली, दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या पोटातल्या पोरालाही सोडलं नाही. जगदीश कान देऊन ऐकत होता. आपलं नाव आता कुठे येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि ते जवळ येत चाललं होतं.

"राधाबाय," बाबा म्हणाले, आणि श्वास घ्यायला थांबले. "एकटी बाय माणूस आसा. तिका सांभाळ रे म्हाराजा."

होकार यायला किंचित वेळ लागला. सगळे राधाबाईकडे बघत होते. तिने पदर दोन्ही हातांनी धरला, घुमटीकडे तोंड केलं आणि सगळ्यांच्या आधी म्हणाली, "व्हय म्हाराजा."